तेरा फूट उंच हॉल, आणि खाली राहणारे चित्रकार

जाहिरातीत सात फोटो होते आणि सातही एकाच खोलीचे. रस्त्याच्या अंगाला जवळजवळ जमिनीपासून छतापर्यंत गेलेल्या खिडक्या, लांबच लांब लाकडी जमीन, एका भिंतीची उघडी वीट आणि मध्ये एकही खांब नाही. खाली मजकूर: न्यूयॉर्क, सोहो, १८७० च्या दशकातली बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) दर्शनी भागाची ऐतिहासिक इमारत, चौथा मजला, २,२०० चौरस फूट, तेरा फूट उंच छत, तीन बेडरूम, को-ऑप, किंमत २९ लाख डॉलर.

मावसभावाने ती जाहिरात मला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पाठवली. "ताई, एवढी जागा मॅनहॅटनमध्ये! हिला घरातच रियाज करता येईल." त्याची बायको कथक करते, स्वतःच्या रचना बसवते, आठवड्यातून तीन दिवस तासाच्या भाड्याने स्टुडिओ घेते. तो स्वतः हॉस्पिटलात संगणकाचं काम बघतो. मी न्यूयॉर्कमध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे 'ताईला एकदा दाखवू' हे ओघानेच आलं. पुढचे सहा आठवडे या एका घरामागे गेले. काय काय बघितलं आणि कशावरून काय ठरलं, ते इथे लिहिते आहे.

आधी 'लॉफ्ट' या शब्दाबद्दल, सोहोत अशा घराला तेच म्हणतात. आपल्याकडे माळा म्हणजे पातेली आणि जुन्या गाद्या टाकायची जागा, पोटमाळा म्हणजे वाकून जायचं. सोहोतला लॉफ्ट म्हणजे जुन्या गोदामाचा किंवा कारखान्याचा अख्खा मजला. तो प्रशस्त असतो, कारण तो माणसांसाठी बांधलेलाच नव्हता.

ही इमारत कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी उभी राहिली. तिथले भूखंड साधारण २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती, म्हणजे उजेड फक्त पुढून आणि मागून. गिऱ्हाइकाला कापडाचा रंग दिसायला हवा तर पुढची बाजू शक्य तितकी काचेची हवी, आणि ते बिडामुळे जमलं. दगडाच्या जाड भिंतीऐवजी बिडाचे सडपातळ खांब उभे केले की मधली सगळी जागा खिडक्यांना मिळते. हे खांब, कमानी, कंगोरे भट्टीत ओतून तयार व्हायचे, कॅटलॉगमधून मागवता यायचे आणि जागेवर बोल्टने जोडले जायचे. वर रंग असा की लांबून दगड वाटावा. जेम्स बोगार्डस आणि डॅनियल बॅजर यांनी हा धंदा न्यूयॉर्कमध्ये रुजवला. ब्रॉडवेवरची हॉवाउट बिल्डिंग १८५७ ची, तिथेच ओटिसने माणसं वाहून नेणारी लिफ्ट बसवली होती. आमच्या इमारतीची ऐट तेवढी नाही. तळमजला धरून पाच मजले, खाली दुकान, वर चार लॉफ्ट.

पहिल्या भेटीला मी तीन गोष्टी घेऊन गेले: टेप, टॉर्च आणि लोहचुंबक. चुंबक बघून एजंटबाई हसल्या. पण चुंबक बिडाला चिकटतो आणि फायबरग्लासला चिकटत नाही, त्यामुळे रंगाखाली काय दडलंय ते लगेच कळतं. खालच्या मजल्याचे खांब अस्सल निघाले. चौथ्या मजल्यावर खिडकीतून हात बाहेर काढून लावला, तर एका खांबाच्या माथ्यावरची पानाफुलांची नक्षी चुंबकाला दाद देईना. कधीतरी मूळ तुकडा गंजून निखळला असणार आणि त्या जागी नवा बसवलेला. यात गैर काही नाही, परवानगी घेऊन तसं करता येतं. काळजी वेगळीच असते. बीड दाबाला भक्कम पण ताणाला ठिसूळ, आणि जोडांमध्ये पाणी शिरलं की आतले बोल्ट गंजून फुगतात. ओघळलेले तांबूस डाग कुठे आहेत ते मी टिपून घेतलं.

मग मोजमाप. आतून आतली रुंदी साडेबावीस फूट, लांबी ८४ फूट, म्हणजे १,८९० चौरस फूट. जिना, लिफ्ट आणि त्यांच्यापुढची मोकळी जागा यांचे साधारण १५० वजा केले की उरले १,७४०. जाहिरातीतले २,२०० कुठून आले? एजंटबाईंनी उत्तर देण्याचं टाळलं, मला ते ठाऊकच होतं. बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत मोजलं की साधारण तेवढे होतात. को-ऑपमध्ये तुम्ही फ्लॅट विकत घेत नाही, सोसायटीचे शेअर घेता आणि त्या शेअरांबरोबर तुमच्या मजल्याचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मिळतो. चौरस फुटांचा आकडा कुठल्याही करारात नसतो, तेव्हा तो फुगला तर कोणाचं काही अडत नाही.

तीन बेडरूमचा हिशेब तर याहून मजेदार होता. एक खोली मागच्या खिडकीपाशी, ती खरी बेडरूम. दुसरी मजल्याच्या पार मध्यात, तीन बाजूंनी पार्टिशन, खिडकी नाही. न्यूयॉर्कच्या नियमाने राहायच्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी लागते, म्हणून ती कायद्याने कपड्यांचं मोठं कपाट. तिसरी म्हणजे लाकडी मचाण. तेरा फुटांचे १५६ इंच. खाली उभं राहायला ८४ इंच सोडले, मचाणाच्या जाडीला ९ गेले, वर उरले ६३. सव्वापाच फूट. भाऊ वर चढला आणि डोकं तुळईला आपटून खाली आला. भावजय म्हणाली, "अरे, माळाच आहे हा आपला. बॅगा ठेवू."

इथवर काहीच बिघडलं नव्हतं. जुन्या जागेत एवढी तेवढी खोट चालते, किंमत त्या मानाने खाली आणायची. खरी अडचण कागदात होती, आणि तो कागद शोधायला मला दहा मिनिटं पुरली. न्यूयॉर्कच्या बांधकाम खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र कोणालाही बघता येतं. त्यात चौथ्या मजल्यापुढे लिहिलं होतं: 'जॉइंट लिव्हिंग-वर्क क्वार्टर्स फॉर आर्टिस्ट्स'. कलावंतांनी राहून काम करायची जागा. साधं निवासी घर असं कुठेही नाही.

हे असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. विसाव्या शतकात कापडाचा व्यापार शहरात उत्तरेकडे सरकला आणि या इमारतींत चिंध्या, कागद, पुठ्ठे, बाहुल्या असले बारीक कारखाने आले. आगी इतक्या लागायच्या की अग्निशमन दलाने या भागाला 'नरकाचे शंभर एकर' असं नाव दिलं. शहरातले रस्ते आणि पूल उभारणारे बडे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांना इथून मॅनहॅटन बेटाच्या आरपार जाणारा द्रुतगती महामार्ग हवा होता. आज ना उद्या पाडली जाणार अशा इमारतीत पैसे कोण घालणार? भाडी तळाला गेली, आणि मोठ्या कॅनव्हासला मोठी भिंत हवी असलेले चित्रकार, शिल्पकार तिथे घुसले. राहणं बेकायदा होतं. दिवसा गादी गुंडाळून ठेवायची, कोणी विचारलं तर हा स्टुडिओ आहे म्हणायचं. १९६१ मध्ये शहराने एवढं मान्य केलं की दारावर ए.आय.आर., म्हणजे 'आर्टिस्ट इन रेसिडेन्स', अशी पाटी आणि मजल्याचा नंबर लावायचा, म्हणजे आग लागली तर आत माणूस आहे हे बंबवाल्यांना समजेल. १९६३ मध्ये नियोजनतज्ज्ञ चेस्टर रॅपकिन यांनी शहराच्या नियोजन खात्यासाठी पाहणी केली आणि इथले कारखाने हजारो कामगारांचं पोट भरतात, ते पाडू नयेत, असं सांगितलं. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज आणि तिथल्या रहिवाशांच्या विरोधापुढे १९६९ मध्ये महामार्ग बारगळला. गंमत बघा, त्या महामार्गाच्या भीतीनेच या इमारती इतकी वर्षं जशाच्या तशा राहिल्या होत्या.

त्यानंतर दोन वर्षांच्या अंतराने दोन गोष्टी झाल्या आणि आमच्या घराचं सगळं दुखणं त्या दोहोंत होतं. १९७१ मध्ये झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात कशाला परवानगी याचे नियम, बदललं: या मजल्यांवर राहायला परवानगी, पण शहराच्या सांस्कृतिक खात्याने प्रमाणित केलेल्या कलावंतांनाच. १९७३ मध्ये लँडमार्क्स प्रिझर्वेशन कमिशनने, म्हणजे शहराच्या वारसा जतन आयोगाने, हा भाग 'सोहो-कास्ट आयर्न' ऐतिहासिक क्षेत्र म्हणून जाहीर केला. आत कोण राहणार हे पहिला नियम सांगतो, बाहेरून काय दिसणार हे दुसरा. जाहिरातीतल्या 'ऐतिहासिक' या एका शब्दात दोन्ही मावले होते, अर्थ मात्र कुठल्याच फोटोत नव्हता.

भावाचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. "मग आत्ता त्या इमारतीत कोण कोण राहतंय? सगळे चित्रकार आहेत?" नाहीत. वकील आहेत, बँकवाले आहेत. शहराने अनेक दशकं या नियमाकडे काणाडोळा केला. त्यातून एक खास रीत पडली, तिला तिथे 'सोहो लेटर' म्हणतात. विकत घेणारा को-ऑपला लिहून देतो की हा मजला कलावंतांसाठीचा आहे हे मला माहीत आहे, पुढे काही उपटलं तर जोखीम माझी. तेवढ्यावर व्यवहार होतात. काही बँका मात्र अशा घराला कर्ज देताना हात आखडता घेतात, आणि एका बँकेने भावाला तोंडावर तसं सांगितलंही.

डिसेंबर २०२१ मध्ये सोहो आणि शेजारच्या नोहोचं झोनिंग पुन्हा बदललं. कलावंतांचा मजला साध्या निवासी वापरात आणायचा एक मार्ग त्यात ठेवला, पण त्यासाठी तेव्हा शहराच्या कला निधीत चौरस फुटाला १०० डॉलर एकरकमी भरायचे. माझ्या मोजमापाने १ लाख ७४ हजार डॉलर, जाहिरातीच्या मोजमापाने २ लाख २० हजार. फुगवलेला आकडा असा अंगाशी येतो. शिवाय इमारत निवासी नियमांत बसवायचा खर्च वेगळा. या शुल्काविरुद्ध तिथले रहिवासी कोर्टात गेले होते, आणि कोर्टाच्या भरवशावर घराची किंमत ठरवायची नाही असं मी भावाला बजावलं.

तेव्हा भावजय म्हणाली, "ताई, पण मी आहे की कलावंत."

खरंच होती. कायद्याच्या व्याख्येत चित्रकला, शिल्पकला आहेच, नृत्यरचनाही नावानिशी आहे. फक्त शिकवून भागत नाही, स्वतःचं नवं काम सातत्याने चालू आहे आणि त्याला मोठी जागा लागते हे दाखवावं लागतं. तिच्याकडे कार्यक्रमांच्या पत्रिका होत्या, रेकॉर्डिंग होती, रचनांच्या वह्या होत्या. मी इतकी वर्षं सोहोत कामं केली, पण जिच्या पायात घुंगरू आहेत अशा गिऱ्हाइकासाठी हा नियम पहिल्यांदाच वाचत होते. जो कागद बाकी सगळ्यांना लपवावा लागत होता, तो आमच्या बाजूचा निघाला. त्या रात्री घर घेतल्यातच जमा होतं.

दुसऱ्या भेटीला मी परवानगी काढून खालच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे गेले. ते १९७० च्या दशकापासून तिथे राहतात, अजून रोज चित्रं काढतात. वर भावजय अनवाणी उभी. घुंगरू बांधले नव्हते, साधा तत्कार, म्हणजे नुसतं पायांचं काम, आधी संथ ठाय लयीत, मग दुगुन, मग चौगुन. पहिल्या दुगुनीलाच त्यांच्या टेबलावरच्या ब्रशांच्या बरणीतलं पाणी थरथरायला लागलं. चौगुनीत बरणीतले ब्रश किणकिणले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फार सुरेख. रोज असतं का?"

मी आधीच ओळखायला हवं होतं. या मजल्यात खांब नाही, तो त्याचा मोठेपणा. पण खांब नाही म्हणजे तीन इंच रुंद आणि बारा इंच उंच तुळया एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत साडेबावीस फूट अधांतरी गेलेल्या, वर फळ्या, मध्ये पोकळी. त्यांच्यावर कापडाचे गठ्ठे रचले जायचे, वजनाला त्या वाकणार नाहीत. आज निवासी जमीन चौरस फुटाला ४० पौंड धरून काढतात, जुनं गोदाम त्याहून कितीतरी दणकट असतं. एजंटबाई तेच सांगत होत्या: "इथे पियानो ठेवा, पुतळा ठेवा." पण गठ्ठा एकदा ठेवला की गप्प पडून राहतो. पाय सेकंदाला आठ-दहा वेळा पडतात. ताकद असलेली जमीनही थरथरू शकते, आणि लांब लाकडी तुळईचं थरथरणं बंद करायचं तर खालून आधार किंवा वरून रबरी पाट्यांवर तरंगती जमीन, असे दोनच मार्ग. आधार द्यायचा तर तो चित्रकारांच्या हॉलच्या मधोमध येणार. तरंगती जमीन करायची तर पाचेक इंच उंची जाणार, दारं आणि लिफ्टचा उंबरठा बदलावा लागणार, आणि तरीही हादरा कमी होईल, नाहीसा होणार नाही. को-ऑपच्या नियमावलीत तर ८० टक्के जमीन गालिच्याने झाकायची अट होती. गालिच्यावर कथक!

म्हणजे ज्या कामाच्या आधारावर त्या मजल्यावर राहायचा हक्क मिळणार, ते काम त्या मजल्यावर करता येणार नव्हतं.

बाकीचे मुद्दे भराभर सांगते, एरवी यांतला एकेक मुद्दा व्यवहार मोडायला पुरतो. वकिलांनी को-ऑपच्या दोन वर्षांच्या बैठकींची इतिवृत्तं वाचली. तळमजल्याचं दुकान सोसायटीच्याच मालकीचं, त्याच्या भाड्यावर चार घरांचा मेंटेनन्स कमी ठेवलेला, आणि दुकान चौदा महिने रिकामं. जाहिरातीतला मेंटेनन्स दुकान चालू असतानाचा होता. पुढच्या फुटपाथखाली तळघर आहे, वर जाड भिंगांसारख्या काचा बसवलेल्या लोखंडी जाळ्या, त्या गळतात आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक एकदा पुढे ढकललेलं. सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या दर्शनी भागाची दर पाच वर्षांनी तपासणी सक्तीची आहे. १९७९ मध्ये वरून निखळलेला तुकडा पडून एक विद्यार्थिनी गेली, त्यानंतर तो कायदा आला. आमची इमारत पाच मजली, म्हणून सक्ती नाही, म्हणून अहवालही नाही. माझ्या तांबूस डागांबद्दल विचारायला कोणी तज्ज्ञच नव्हता. आणि चौथ्या मजल्याच्या पुढच्या खिडक्या मागच्या मालकाने लँडमार्क्सच्या परवानगीशिवाय ॲल्युमिनियमच्या बसवल्या होत्या. नोटीस अजून उभी, ती माणसाबरोबर जात नाही, इमारतीबरोबर राहते. मूळ आकाराच्या लाकडी चौकटी बनवून घ्यायच्या तर त्याचं कोटेशन आलं तेव्हा भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. वर राज्याचा महागड्या घरांवरचा मॅन्शन टॅक्स: २० ते ३० लाखांच्या घराला सव्वा टक्का, म्हणजे ३६,२५० डॉलर, घेणाऱ्याच्या खिशातून.

मी त्यांना 'घेऊ नका' म्हटलं नाही. जागा मलाही आवडली होती. दुपारी चार वाजता पुढच्या खिडक्यांतून उजेड जवळजवळ तीस फूट आत येतो आणि विटांच्या भिंतीवर जुन्या कप्प्यांच्या खुणा दिसायला लागतात. तिथे उभं राहिलं की हिशेब थोडे हलके वाटतात, हे मी कामावरही अनुभवलं आहे. मी एवढंच सुचवलं की खिडक्या, फुटपाथचं तळघर आणि रिकामं दुकान यांचे पैसे वजा करून बोली लावा, आणि रियाजासाठी स्टुडिओचं भाडं पुढेही द्यावं लागणार हे धरून चाला. त्यांनी २४ लाखांची बोली लावली. विकणाऱ्याने ऐकून घेतलं, उलट बोली आली नाही. तीन आठवड्यांनी दुसऱ्या कोणीतरी सोहो लेटरवर सही केली. ते कलावंत होते का, हे मी विचारलं नाही.

भावजयीने सांस्कृतिक खात्याकडे अर्ज मात्र केला. प्रमाणपत्र माणसाला मिळतं, घराला चिकटून नसतं, त्यामुळे पुढच्या लॉफ्टलाही चालेल. आता आम्ही तळमजल्याच्या लगेच वरचा मजला शोधतो आहोत, ज्याच्या खाली दुकान असेल, आणि तेही संध्याकाळी सातला बंद होणारं. तिथे उजेड कमी, रस्त्याचा गोंगाट जास्त, म्हणून किंमतही जरा खाली असते. घर बघायला गेलं की एजंट खिडक्यांकडे वळतो. ती तोवर चपला काढून हॉलच्या मधोमध गेलेली असते, आणि मी खाली दुकानात, छताकडे बघत.